प्रभूने दाखवलं, असं मी म्हणाले नाही

मी एका माणसाच्या वाईटासाठी बरीच वर्षं प्रार्थना केली. गुडघे टेकून केली, मनापासून केली, आणि अभ्यासात कधी नव्हते इतक्या नियमितपणे केली. त्याची गाडी रस्त्यात बंद पडावी, त्याचा घसा बसावा, ज्या तोंडाने तो बोलला ते तोंड त्याला चारचौघांत उघडता येऊ नये, असं मागायचे. शास्त्रात वैऱ्यांवर आग मागणाऱ्या प्रार्थना आहेत. क्षमेची वचनं पाठ होण्याआधी मला त्या पाठ झाल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. प्रार्थनेत देवाचा आवाज कोणता आणि आपला कोणता, हे जे काही थोडंफार मला कळलं ते याच मागण्यातून कळलं, चांगल्या मागण्यांतून नाही.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, मूल गावाच्या कडेला, एका राइस मिलच्या मागे, टिनाच्या हॉलमध्ये भरते. घरं थोडीच आहेत. बाबा त्या मिलमध्ये पोती वाहायचे, आई पावसाळ्यात लोकांच्या बांध्यांमध्ये धान रोवायला जायची. दोघांनाही वाचता येत नव्हतं. मला अक्षरं शाळेने शिकवली, पण लोकांसमोर उभं राहून न अडखळता वाचायला मंडळीने शिकवलं. चौथीत असताना त्यांनी मला स्टुलावर उभं करून वचन वाचायला लावलं, आणि मी चुकले तेव्हा कोणी हसलं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. त्या पदवीचा पाया त्या स्टुलावर घातला गेला, हे मी विसरत नाही. हा उपकार डोक्यावर ठेवूनच पुढचं लिहिते आहे.

आमच्याकडे दर शुक्रवारी दुपारी उपास-प्रार्थना होते. आधी गाणी, मग सगळे एकदम मोठ्याने आपापलं मागतात, आणि मग हॉल गप्प होतो. नुसता पंख्याचा आवाज. त्या शांततेत कोणाला काही मिळालं असेल तर तो उभा राहतो आणि म्हणतो, ‘प्रभूने मला दाखवलं.’ त्यानंतर तो जे सांगेल ते सांगेल, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. हे तीन शब्द उच्चारले की पुढे प्रश्न नाही. कोणी विचारत नाही की कसं दाखवलं, कधी दाखवलं. विचारणं म्हणजे देवालाच विचारणं. हा नियम कोणी लिहिलेला नाही, कोणी शिकवलेलाही नाही, पण लहान पोरांनाही तो माहीत असतो.

ज्या माणसाबद्दल मी लिहिते आहे त्याला सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंचा स्टीलच्या भांड्यांचा धंदा होता. स्वतःची व्हॅन घेऊन ते आठवडी बाजार करायचे, मूलपासून वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांपर्यंत. मंडळीत कोणी आजारी पडलं की तीच व्हॅन चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायची. बाबांचा पाय मिलमध्ये पोत्याखाली आला तेव्हा भाऊंनीच त्यांना उचलून गाडीत घातलं होतं. हे सांगायला हवं, नाहीतर माझी तक्रार खोटी वाटेल. त्यांनी पुष्कळांचं भलं केलं. म्हणूनच त्यांच्या तोंडचा शब्द कोणी खाली पडू देत नव्हतं.

त्यांचा एक भाचा होता. त्याच्यासाठी त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला मागणी घातली. मुलगा कामाचा होता पण सहसा बोलायचा नाही, विचारलं तरी मान हलवायचा. हॉलच्या अंगणात, बायका चटया झटकत असताना, भाऊ आईला म्हणाले, “पोराले काय कमी हाय, सांगा बरं.”

आईच्या आधी ताईच बोलली. “भाऊ, तुमच्या भाच्यापरीस तुमच्या गाडीतला भात रांधायचा गंज बरा. ठोकला तं आवाज तरी देते.”

बायका हसल्या. आईने ताईच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःही हसली. भाऊसुद्धा हसले. पण ते सगळ्यांत आधी हसायचे थांबले, आणि हे माझ्या लक्षात राहिलं.

पुढे ताईचं ब्रह्मपुरीच्या एका मुलाशी ठरलं. तीही ख्रिस्ती मंडळीच होती. ताई खूश होती. त्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत बाबांची बहीण, आमची आत्या, आजारी असल्याचा निरोप आला. आत्या नदीपलीकडच्या जंगलातल्या गावात राहायची. बाबांनी बाप्तिस्मा घेतला तरी ती आपल्या देवांना धरून होती, आणि त्यावरून घरात कधी भांडण झालं नाही. ताई तिची मोहफुलं वेचायला आणि तिला दोन घास करून घालायला गेली. मी आठवीत होते, सुट्टी लागली होती, मीही गेले.

एका सकाळी गावचा भुमक, म्हणजे तिथला पुजारी, आत्याला बघायला आला. अंगणात आत्याला बसवलं. त्याने सुपात तांदूळ घेतले, ते बोटांनी बाजूला करत काही पुटपुटला. ताई आत्याच्या मागे बसून तिची पाठ सावरत होती, कारण आत्याला धड बसता येत नव्हतं. तेवढंच. त्या दिवशी तिथे बाजार होता. भाऊंची व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी होती. ते कुडापाशी आले, आम्हाला ओळखून हसले, पाणी मागितलं, मी दिलेलं प्यायले आणि गेले. मी दारात बसून मोहफुलं निवडत होते. मी त्यांना पाहिलं आणि त्यांनी ताईला पाहिलं.

आम्ही परत आल्यानंतरच्या शुक्रवारी शांततेत भाऊ उभे राहिले. डोळे मिटलेले, हात वर.

“प्रभूनं मले दाखवलं,” ते म्हणाले. “एक तरणी पोरगी. भुमकाच्या पुढं बसून हाय. हातात कोंबडं हाय, कमरेले काळा दोरा हाय. प्रभू म्हनते, माह्या मंडळीत हे आलं, म्हनून तुमच्या घरची दुखणी हटून नाई राह्यली. ज्याच्या घरचं असन त्यानं समजून घ्यावं.”

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. आम्ही कुठून आलो होतो हे सगळ्यांना माहीत होतं. डोळे मिटूनही माना आमच्याकडे वळतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. हॉलभर आमेन झालं. आईनेही आमेन म्हटलं. सवयीने तिच्या तोंडून निघालं, आणि मग तिने पदर तोंडाला लावला.

मी तिच्या कानाशी म्हणाले, “आई, भाऊ तिथीच होते. त्यायनं आत्याच्या घरी पाणी पेलं.”

आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. “चूप राय. देवानं दाखवलं म्हनते थे.”

प्रार्थना संपल्यावर दोन बायका ताईला हॉलच्या मागे घेऊन गेल्या. कमरेचा दोरा बघायला. ताई एकोणीस वर्षांची होती. बाहेर आली तेव्हा ती ओढणीची गाठ पुन्हा पुन्हा बांधत होती. दोरा सापडला नव्हता. एक बाई म्हणाली, “सोडून टाकला असन.” दुसरी काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी तिला उभं राहून कबूल करायला सांगितलं. ती उभी राहिली. म्हणाली, “ज्याले दिसलं त्यालेच विचारा, कोंबडं कोनत्या रंगाचं होतं.” लोकांना ते हृदय कठोर केल्याचं लक्षण वाटलं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट तिला न देता तिच्यासमोरून पुढे गेलं. ब्रह्मपुरीचा निरोप महिन्याच्या आत आला, गोड शब्दांत, की मुलासाठी दुसरीकडे पाहतो आहोत. ताई त्यानंतर हॉलमध्ये आली नाही. काही वर्षांनी कोरपन्याकडे तिचं लग्न झालं. नवरा सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. माणूस चांगला आहे, प्रार्थनेशी त्याचा संबंध नाही. मंडळीतल्या कोणालाही तिने लग्नाला बोलावलं नाही आणि कोणी गेलंही नसतं. मूलला आली तरी ती संध्याकाळच्या बसने परत जायची. हॉलसमोरचा रस्ता टाळून, मिलच्या मागच्या बाजूने घरी यायची. स्वतःच्या माहेरी ती चोरासारखी यायची, ते मला सहन होत नव्हतं. म्हणून मी ती आग मागू लागले.

बारावीनंतर मी ब्रह्मपुरीला कॉलेजात गेले. तिथे एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी खोली मिळाली. त्या ख्रिस्ती होत्या, एकट्या होत्या, आणि मी स्वयंपाकात मदत करायची असं ठरलं होतं. त्यांची प्रार्थना आमच्यासारखी नव्हती. त्या चुलीपाशी पाटावर बसून दोन-चार वाक्यांत मागायच्या आणि मग वरण शिजेपर्यंत गप्प बसायच्या. मला वाटायचं त्यांना झोप लागली. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, “माझं बोलून झालं. आता त्याला बोलायला जागा नको?”

मी शेजारच्या खोलीत मोठ्याने प्रार्थना करायचे, आणि भिंत पातळ होती. काही दिवसांनी त्यांनी विचारलं, “हा भाऊ कोण गं, ज्याच्या तोंडाला तू रोज कुलूप घालतेस?”

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता क्षमेवर प्रवचन होणार. त्या म्हणाल्या, “माग. त्याच्यासमोर मागितलेलं बरं, बाहेर जाऊन करण्यापेक्षा. फक्त त्याचं उत्तर तू स्वतः देऊ नकोस.”

“म्हणजे?”

त्यांनी माझा हात घेतला आणि मनगटावर स्वतःचा अंगठा ठेवला. “नाडी अशी कधी बघायची नाही. नवी पोरगी हमखास हीच चूक करते. अंगठ्याला आपलेच ठोके असतात. मोजते आपले आणि लिहिते रोग्याचे.” मग त्यांनी अंगठा काढून दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत गप्प बसल्या.

त्या वेळी मला ते पटलं नाही. मला वाटलं, यांना कोणी छळलं नसेल म्हणून असं बोलतात. मी मागत राहिले. भाऊंची गाडी बंद पडली नाही. उलट त्यांनी नवी घेतली.

बी. एड. झाल्यावर मूललाच एका शाळेत मला नोकरी लागली. मंडळीने मला संडे स्कूल दिलं. लोक मला मॅडम म्हणू लागले, आणि मी बोलले की ऐकू लागले. पास्टर नवीन होते, तरुण होते, चंद्रपूरहून यायचे. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की मंडळीच्या पंचांमध्ये एक जागा रिकामी आहे, आणि भाऊंचं नाव सुचवलं गेलं आहे.

आमच्याकडे पंच नेमायची रीत अशी की आधी काही रविवार नाव वाचून दाखवतात. मग नेमणुकीच्या दिवशी सगळे उभे राहून शांत प्रार्थना करतात आणि पास्टर विचारतात, कोणाला प्रभूने काही दाखवलं असेल तर बोला. कोणी बोललं नाही तर आमेन होतं आणि माणूस पंच होतो. पंच झाला की कोणाला प्रभुभोजन द्यायचं, कोणाचं लग्न हॉलमध्ये लावायचं, कोणाला परत घ्यायचं, यात त्याचा शब्द चालतो. म्हणजे ताईसाठी हॉलचं दार बंद करणाराच आता कायमचा दारावर बसणार होता.

पण ‘कोणाला प्रभूने काही दाखवलं असेल तर’ हे शब्द ऐकले, आणि इतक्या वर्षांनी मला माझ्या प्रार्थनेचं उत्तर मिळालं. निदान मला तसं वाटलं. ज्या हत्याराने त्यांनी मारलं तेच हत्यार पास्टर माझ्या हातात देत होते. मी उभं राहायचं आणि म्हणायचं, प्रभूने मला दाखवलं. नाव घ्यायचं नाही. एक माणूस, पांढरा शर्ट, आत काळा डाग. कोणी मला प्रश्न विचारू शकणार नव्हतं.

मी ते पक्कं करण्यासाठी प्रार्थनेला बसले. शास्त्र डोळे मिटून उघडलं आणि बोट ठेवलं. वंशावळीवर पडलं. पुन्हा उघडलं, मापांची वर्णनं निघाली. तिसऱ्यांदा मी पुस्तक कुठे उघडतं याचा साधारण अंदाज घेऊन उघडलं आणि बोट वैऱ्यांच्या नाशावर आलं. मी म्हणाले, धन्यवाद प्रभू.

पुढचे काही दिवस मी ते दर्शन मनात घोळवलं. सांगायला लाज वाटते, पण फार गोड लागायचं ते. शाळेत पोरांना गणित देऊन मी खिडकीपाशी उभी राहायचे आणि भाऊंचा चेहरा कसा होईल ते बघायचे. डाग शर्टाच्या आत नको, हातावर हवा असं एकदा वाटलं. मग वाटलं, हातात स्टीलचा डबा असू दे, म्हणजे लोकांना लवकर कळेल. डब्यातून साप निघाला. मग साप जास्त झाला असं वाटून मी तो काढला आणि कुजलेलं अन्न घातलं.

साप काढताना मी थांबले. मी दुरुस्ती करत होते. पोरांचे निबंध तपासते तशी मी देवाचं म्हणणं तपासत होते, हा शब्द बरा, तो नको. ज्याने दाखवलं तो मला विचारून दाखवत नाही. जे रोज माझ्या सोयीने आणखी चांगलं होत जातं ते माझंच. मनगटावर अंगठा होता, तो माझा होता.

आणि त्याचबरोबर भाऊंचं कोंबडं मला कळलं. आत्याच्या अंगणात कोंबडं नव्हतंच. त्यांनीही शुक्रवार येईपर्यंत ते चित्र मनात घोळवलं असेल, सुपातले तांदूळ फिके वाटले असतील, मग कोंबडं घातलं, मग काळा दोरा बांधला. कदाचित शेवटी त्यांना ते खरोखर दिसलंही असेल. यामुळे मला त्यांची दया आली असं नाही. मला त्यांचा राग जास्तच आला, कारण आता मला त्यांचं काम कसं चालतं ते कळलं होतं.

त्या दिवशी मी काही मागितलं नाही. गप्प बसले. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली, जी ऐकून कोणीही आमेन म्हणणार नाही. मी इतकी वर्षं देवाला विचारत होते. ताईला एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी चंद्रपूरमार्गे कोरपन्याला गेले. कापूस वेचायचे दिवस होते, ताई नुकतीच शेतातून आली होती, केसांत कापसाचे तंतू. मी सगळं सांगितलं, भाऊंचं नाव, माझं दर्शन, साप, डबा.

ती आधी हसली. “साप कायले काढला? साप चांगला होता.”

“ताई, मी खरंच विचारून राह्यली. बोलू का नको?”

ती पाटीतल्या कापसातला काडीकचरा काढत राहिली. मग म्हणाली, “माह्या मनात काय हाय थे तुले सांगू? त्याले त्याच हालच्या मागं घेऊन जावं, आन् दोन मानसांनी त्याची कंबर पाहावी. थे वाटते मले. आजही वाटते. देव काय म्हनन थे म्हनन.”

“मग?”

“मंग बोल. माह्यं नाव घेऊन बोल, मले कायची लाज. पन ‘प्रभूनं दाखवलं’ असं म्हनशीन तं माह्या घरी पाय ठेवू नको. थ्या शब्दानं मले एकदा नागवं केलं हाय. तुह्या डोळ्यानं जे पाह्यलं तेवढंच सांग. त्याच्या वर एक गोष्ट नाई.”

“तू येते का?”

“मी कायले येऊ. माहा कापूस शेतात हाय.”

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने मला भाकर वाढली आणि ठेच्यात मीठ कमी पडलं का ते विचारलं.

नेमणुकीचा रविवार आला. हॉल भरलेला होता. भाऊ पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात. सगळे उभे राहिले, शांतता झाली. पास्टर म्हणाले, “कोणाला प्रभूने काही दाखवलं असेल तर आत्ता बोलावं.”

मी म्हणाले, “मला प्रभूने काही दाखवलेलं नाही. मी जे पाहिलं ते सांगायचं आहे.”

मागून एक म्हातारे म्हणाले, “पाह्यलेलं कायले सांगतं बाई? दाखवलेलं इचारलं त्यायनं.”

पास्टरांना ही अडचण कधी आली नसावी. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, “बोला, मॅडम.”

मी सांगितलं. आत्याचं गाव, बाजाराचा दिवस, सुपातले तांदूळ, ताई कुठे बसली होती. भाऊ कुडापाशी कुठे उभे होते. शब्द सुचत होते, कारण एकही शब्द बनवायचा नव्हता.

भाऊ वळले. शांतपणे म्हणाले, “पोरगी लहान होती. लहानपनीचं काय ध्यानात राह्यते.”

“आत्याच्या पितळेच्या गडव्यात म्या तुम्हाले पाणी देल्लं,” मी म्हणाले. रागात माझी शाळेची भाषा गळून पडली. “तुम्ही गडवा हातात तोलला न आत्याले म्हनलं, बाई, हे जुनं लय जड हाय, देऊन टाका मले, हलका स्टीलचा घेऊन जा.”

कोणीतरी फिसकन हसलं. भाऊ प्रत्येक घरी पाणी पिताना हेच म्हणायचे. त्या हॉलमधल्या जवळजवळ प्रत्येक बाईने ते ऐकलेलं होतं.

भाऊंनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, “प्रभू मानसाच्या डोळ्यानंही दाखवते.”

“दाखवत असेल,” मी म्हणाले. “तिथे तांदूळ होते, ते तुम्ही पाहिले. मग कोंबडं कोणी दाखवलं? दोरा कोणी दाखवला?”

आता माझ्या जिभेच्या टोकावर त्यांचा भाचा होता. गंजाची गोष्ट, अंगणातलं हसू, त्यांचं हसणं थांबणं, आणि त्याचा त्यांनी घेतलेला सूड. माझी खात्री होती, आजही आहे. ते मी बोलले असते तर भाऊ तिथल्या तिथे संपले असते. पण तो सूड मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मी त्यांच्या मनात शिरून ते बघू शकत नव्हते. माझ्या आयुष्यात मी सर्वात कष्टाने गिळलेलं वाक्य ते आहे. ते अजून पोटात तसंच आहे, विरघळलेलं नाही.

मी खाली बसले. पास्टर म्हणाले, आपण प्रार्थना करू या, आणि त्यांनी प्रार्थना केली, आणि तिच्या शेवटी आमेन आलं नाही. फक्त त्यांचं एकट्याचं आलं. बायकांच्या बाजूने एकजण उभी राहिली. त्या दोघींपैकी ती होती, जी त्या दिवशी काही बोलली नव्हती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत.

“दोरा नव्हता,” ती म्हणाली. “म्या सोता पाह्यलं होतं. थ्या पोरीच्या आंगावर काईच नव्हतं.” एवढं बोलून ती बसली आणि शेजारणीने तिला पाणी दिलं.

भाऊंची नेमणूक त्या दिवशी झाली नाही, नंतरही झाली नाही. पास्टरांनी दुसरं नाव घेतलं.

मला आनंद झाला. शांती मिळाली असं लिहिलं तर ते पुन्हा दर्शन बनवण्यासारखं होईल. मला आनंद झाला, चिंच खाल्ल्यासारखा, दात आंबवणारा, आणि मी तो घरभर मिरवला. आई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी ती म्हणाली, “म्या तुह्या तोंडावर हात ठेवला होता.” मी म्हणाले, “हो.” तिला ऐकायचं होतं की काही हरकत नाही, आणि ते मी तिला लगेच दिलं नाही.

मंडळीतल्या बायकांनी ठरवलं की कोरपन्याला जायचं, ताईची माफी मागायची. मी फोन केला. ती म्हणाली, “येऊ दे. चहा देईन. थ्या आल्या म्हनून मी येनार नाई.”

“आणि भाऊ आले तर?”

“माह्या घरी नको. त्यानं शुक्रवारी सांगितलं न, शुक्रवारीच सांगावं. तिथीच, सगळ्यायसमोर, उभं राहून. मले कोंबडं दिसलं नव्हतं, म्हनावं. येवढंच. मंग मी येते का नाई थे पाहीन.”

हा निरोप मी भाऊंना दिला. मिलच्या रस्त्यावर, ते गाडीत भांडी चढवत असताना. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. एक परात कापडाने पुसून आत ठेवली.

तेव्हापासून माझी प्रार्थना बदलली आहे. ज्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून मी इतकी वर्षं मागितलं, ते उघडावं म्हणून आता मागते. तितक्याच जोराने मागते. हे त्यांच्यासाठी मागणं आहे की त्यांना सगळ्यांसमोर वाकलेलं बघायची माझी जुनी हौस आहे, ते मी देवाला विचारते आणि गप्प बसते. कधी एक वाटतं, कधी दुसरं. अजून खात्रीने सांगण्यासारखं काही मिळालेलं नाही, आणि मिळालं नसताना मिळालं म्हणायचं नाही एवढं मला आता जमतं.

भाऊ दर शुक्रवारी येतात. पहिल्या रांगेत नाही, दाराजवळ बसतात. गाडी अजूनही आजारी माणसं घेऊन चंद्रपूरला जाते. मागच्या शुक्रवारी, शांततेत, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊ उभे होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्यांनी घसा साफ केला. ते म्हणाले, “पंखा जरा हळू करा गा, आवाज लय होऊन राह्यला.” कोणीतरी उठून पंखा हळू केला. भाऊ आणखी थोडा वेळ उभेच राहिले, मग बसले.